जुनी गाडी, नवा मालक

मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. सातवीपर्यंत माझ्या वर्गात होता, नंतर शाळा सोडली, किन्नर म्हणून गाडीवर गेला आणि गेली अकरा वर्षं पुणे-हैदराबाद लाइनवर दुसऱ्याची गाडी चालवतो. मालकाला गाडी विकायची आहे. दहा टायरची, २०१४ चं मॉडेल. मालक म्हणाला, तूच घे. पोराकडे अडीच लाख जमलेत, उरलेले सहा लाख फायनान्स कंपनी द्यायला तयार आहे. फक्त पगारदार जामीनदार हवा.

"सर, तुम्ही एक सही करा. बाकी मी बघतो."

मी चहा सांगितला आणि विचार करून कळवतो म्हणालो. तो गेल्यावर कपाटातून अब्बांची वही काढली. तपकिरी पुठ्ठ्याची, उर्दूत लिहिलेली हिशेबाची वही. ज्या गाडीनं आम्हा भावंडांना शिकवलं तिचा तो हिशेब आहे. तीही जुनीच घेतलेली होती. आपल्या भागात ड्रायव्हरचा मालक कसा होतो, याचा इतिहास कुठल्या पुस्तकात मला सापडला नाही. या वहीत मात्र त्याचा बराच भाग आहे. म्हणून हा लेख.

रस्ता आधी, गाडी नंतर

नळदुर्ग म्हटलं की लोकांना किल्ला आणि बोरी नदीवरचा पाणीमहाल आठवतो. आमच्यासाठी नळदुर्ग म्हणजे हायवे. जुना राष्ट्रीय महामार्ग ९, आताचा ६५. पुणे, सोलापूर, नळदुर्ग, उमरगा आणि पुढे हैदराबाद. जिल्ह्याच्या गावाला, म्हणजे धाराशिवला, रेल्वे आली ती थेट २००७-०८ मध्ये, कुर्डुवाडी-लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला तेव्हा. त्याआधी बार्शी लाइटची छोटी गाडी येडशीवरून लातूरला जायची, जिल्ह्याचं गाव बाजूलाच राहायचं. त्यामुळे धान्य असो, मीठ असो की सिमेंट, आमच्याकडे जे आलं ते रस्त्यानं आलं.

या रस्त्यावर ट्रकच्या आधी लमाणांचे बैलांचे तांडे होते. धान्य आणि मीठ पाठीवर वाहणारे बैल हीच त्या काळची मालवाहतूक. रेल्वे आणि पक्के रस्ते आले तसा तो धंदा संपला आणि तांडे जिथे होते तिथे स्थिरावले. तुळजापूर-नळदुर्ग भागात आजही ते आहेत. मालवाहतूक करणाऱ्या माणसाचा धंदा नवं साधन एका पिढीत कसा संपवतं, याचं हे आमच्या दारातलं पहिलं उदाहरण.

हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तिथे सरकारनं १९३२ मध्ये रेल्वे खात्याच्या जोडीला मोटार बससेवा सुरू केली, २७ बसगाड्यांनिशी. प्रवासी वाहतुकीत सरकार इतक्या लवकर उतरल्यामुळे खासगी माणसाला पुढे वाव राहिला तो मुख्यतः मालाच्या लॉरीत. १९४८ नंतर राज्य बदललं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी ही विभागणी टिकली. बस सरकारची, ट्रक खासगी.

१९४८ चा उल्लेख आला आहे तर तो टाळून पुढे जाणं बरं नाही. १३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरकडून याच रस्त्यानं नळदुर्गात आली. त्याआधी रझाकारांनी गावं होरपळून काढली होती. नंतर सूड उगवला गेला तो बहुतेक अशा लोकांवर, ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. पंडित सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यात उस्मानाबाद होता. माझे आजोबा खेड्यातली जमीन सोडून नळदुर्गात आले ते तेव्हा. परत गेले नाहीत. जमीन गेली की हाती हुन्नरच उरतो. आजोबा गॅरेजवर लागले, अब्बा गॅरेजमधून स्टिअरिंगवर. सच्चर समितीनं २००६ च्या अहवालात, मुसलमान कामगार ज्या व्यवसायांत जास्त दिसतात त्यांत रस्त्यावरची वाहतूक आणि वाहनदुरुस्ती नोंदवली आहे. तो अहवाल वाचताना मला आकडेवारीच्या जागी आमचं घर दिसत होतं.

परमिट नावाची मालमत्ता

ड्रायव्हर होणं आणि मालक होणं यात फक्त पैशाचं अंतर नव्हतं. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानं मालाच्या गाडीलाही परमिट लागायचं. ते प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाच्या मर्जीवर, ठरावीक भागापुरतं मिळायचं. दुसऱ्या राज्यात जायचं तर वेगळी मंजुरी. १९७५ मध्ये नॅशनल परमिट आलं, पण त्यांची संख्या मर्यादित. त्यामुळे परमिट हीच मोठी मालमत्ता झाली. कायद्यानं ते परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावावर करता यायचं नाही, म्हणून लोक करायचेच नाहीत. गाडी विकली जायची, कागद जुन्या मालकाच्या नावावर राहायचे. नवा मालक मुखत्यारपत्र खिशात घेऊन फिरायचा. गाडी त्याची, टायर त्याचे, कर्ज त्याचं. पण कागदावर तो कोणीच नाही.

१९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यात, परमिटचा अर्ज सहसा नाकारायचा नाही, असं कलम आलं. लहान माणसासाठी दार उघडलं ते तेव्हा. अब्बांनी गाडी घेतली त्याच्या दोन वर्षं आधी, १९८७ मध्ये.

गाडी होती टाटा १२१०, १९७४ चं मॉडेल. टाटांनी १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले, तो करार १९६९ मध्ये संपला. तरी आमच्याकडची जुनी माणसं कुठल्याही टाटाच्या ट्रकला बरीच वर्षं मर्सिडीजच म्हणायची. किंमत ठरली ८५ हजार. अब्बांकडे ३० हजार होते. त्यात पंधरा वर्षांची बचत, एक भिशी आणि अम्मीच्या दोन बांगड्या. उरलेले ५५ हजार एका खासगी फायनान्सरकडून. तीस हप्ते, प्रत्येकी २,६५० रुपये. म्हणजे ५५ हजारांचे ७९,५०० फेडायचे.

बँका १९६९ मध्ये राष्ट्रीय झाल्या होत्या आणि छोटे वाहतूकदार अग्रक्रमाच्या कर्जवाटपात येत होते. पण बँकेला नवी गाडी, नावावरचे कागद आणि तारण हवं असायचं. तेरा वर्षांच्या गाडीला, दुसऱ्याच्या नावावरच्या परमिटला बँकेच्या काउंटरवर जागा नव्हती. ती जागा खासगी फायनान्सरनं घेतली. पुढे याच गिऱ्हाइकाला धरून मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. चेन्नईत १९७९ मध्ये सुरू झालेली श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्स वाढली ती जुन्या ट्रकच्या लहान मालकांना कर्ज देऊनच. ज्याला बँक ओळखत नव्हती तो माणूस बुडवा नव्हता, हे त्या धंद्यानं सिद्ध केलं.

राहिला सुदाचा प्रश्न. तो आमच्या घरात झाला आणि मोठ्या आवाजात झाला. चाचांचं म्हणणं, सूद हराम आहे, पन्नास हजारांसाठी आखिरत घालवू नको. अब्बांनी विचारलं, मग बिनव्याजी देणारा कोण आहे ते दाखव, आत्ता जातो. कर्ज-ए-हसनाची महती सगळ्यांना माहीत होती. देणारा कोणी निघाला नाही. अब्बांनी सही केली, पण त्या दिवसापासून वहीत ‘हप्ता’ या शब्दाखाली रक्कम लिहिली, ‘सूद’ शब्द कधी लिहिला नाही. मला तो लपंडाव वाटत नाही. लाज वाटणाऱ्या माणसाचा तो हिशेब होता.

इंजिन झूट नै बोलता

सौदा ठरायच्या आधी अब्बा गाडी बघायला गेले ते फजरनंतर लगेच, न कळवता. मी सात वर्षांचा, सोबत होतो. पहिलं काम त्यांनी काय केलं, तर इंजिनवर हात ठेवला. गार होतं. मग म्हणाले, आता चालू करा. आधी गरम करून ठेवलेलं इंजिन लगेच चालू होतं आणि गिऱ्हाईक फसतं. धूर काळा आला तर पंप-नोझलचं काम, निळा आला तर ऑइल जळतंय, पांढरा थांबतच नसेल तर पाणी आत जातंय. ऑइलची पट्टी काढून बोटानं चोळली. ऑइल दुधासारखं दिसलं तर तिथूनच परत फिरायचं. ऑइल भरायचं टोपण उघडून आतून धूर किती फेकतंय ते पाहिलं. मग गाडीखाली झोपून चेसिसवर चाकांजवळ वेल्डिंगचे डाग शोधले, कारण जास्त माल भरलेली गाडी तिथे आधी तडकते. कमानीचे पाटे मोजले. स्टिअरिंग किती मोकळं फिरतं ते पाहिलं. चालवताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय उचलून क्राऊनचा आवाज ऐकला. टायर एका बाजूनं झिजलेत का, रिमोल्ड किती, ओरिजिनल किती. शेवटी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उमटलेला नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिला.

परत येताना म्हणाले, "इंजिन झूट नै बोलता. मालक बोलता."

यंत्र तपासण्यात अब्बा कुठे चुकले नाहीत. ती गाडी आमच्याकडे पंधरा वर्षं चालली. चूक कागदात झाली. सौदा जुन्या मालकाशी, हप्ता फायनान्सरला, आरसी बुकावर फायनान्सरचा बोजा, परमिट जुन्या मालकाचं. करारनामा इंग्रजीत. अब्बांना उर्दू चांगली येत होती, मराठी वाचता येत होती, इंग्रजीत फक्त गाड्यांच्या कंपन्यांची नावं. भाडेखरेदीचा कायदा संसदेनं १९७२ मध्ये केला होता. घेणाऱ्याला काही संरक्षण देणारा. तो कधी लागूच केला गेला नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला. म्हणजे अब्बा ज्या व्यवहारात उतरले, त्याचा कायदा छापलेला होता, पण चालू नव्हता.

अठ्ठावीस हप्ते वेळेवर गेले. शेवटचे दोन थकले, कारण पावसाळ्यात गिअरबॉक्स उतरवावा लागला. १९९० च्या जानेवारीत लातूरची तूरडाळ घेऊन गाडी पुण्याला निघाली होती. सोलापूरच्या अलीकडे फायनान्सरच्या माणसांनी ती अडवली, चावी घेतली आणि डाळीसकट ओढून नेली. ना नोटीस, ना पावती. अब्बा किन्नरला घेऊन एसटीनं घरी आले. अब्बांना एसटीतून उतरताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

थकबाकी ५,३००. मागितले ९ हजार. दंड, ओढून नेण्याचा खर्च, उभी ठेवण्याचं भाडं. पोलिसांकडे जावं तर कागदावर अब्बा कोण? मालक नाहीत, परमिटधारक नाहीत. गाडी सुटायला तेवीस दिवस लागले. डाळवाल्यानं भाडं कापलं ते वेगळंच. अम्मीच्या उरलेल्या बांगड्या तेव्हा गेल्या. बोजा उतरवल्याचं पत्र मिळायला आणखी दीड वर्ष लागलं आणि गाडी अब्बांच्या नावावर झाली १९९२ मध्ये. पाच वर्षं ते मालक म्हणून राबले आणि कागदावर मालक नव्हते. गुंड पाठवून वाहन ओढून नेता येत नाही, कायद्याच्या मार्गानंच वसुली करावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं एका बँकेच्या प्रकरणात सुनावलं ते २००७ मध्ये. तोवर अब्बांची गाडी भंगारात गेली होती.

वहीतला रिकामा रकाना

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण आमच्या जिल्ह्यातलं सास्तूर आणि उमरगा-लोहारा भागातली गावं तशीच बसली. सुमारे दहा हजार माणसं गेली. अब्बांची गाडी सकाळीच निघाली. पाणी, पत्रे, कपडे आणि परत येताना जखमी माणसं. वहीत त्या नऊ दिवसांच्या तारखा आहेत, डिझेलचा खर्च आहे, भाड्याचा रकाना कोरा आहे.

त्यानंतरची पानं मात्र भरलेली आहेत. गावंच्या गावं नव्या जागी वसवायची होती. दगड, वाळू, सिमेंट, लोखंड. तीन-चार वर्षं या भागातल्या एकाही ट्रकला रिकामं उभं राहावं लागलं नाही. आमचं घर पक्कं झालं ते त्या पैशात, मी शिकलो तोही त्याच पैशात. आमच्या घरातले सगळ्यात बरे दिवस दुसऱ्यांची घरं पडल्यामुळे आले, हे अब्बांना नीट बोलता यायचं नाही. कोणी ‘भूकंपानंतर तुमचं बरं झालं’ म्हटलं की ते उठून जायचे.

वहीतली आणखी एक गंमत सांगतो, कारण मी भाषा शिकवतो. नाक्यावरच्या जकातीचा खर्च अब्बा ‘जीम’ अक्षरानं लिहायचे आणि रमजानमध्ये काढायची जकात ‘झे’नं. मूळ शब्द एकच, अरबीतला. मराठीत येऊन तो नाक्यावर बसला. अब्बांनी स्पेलिंगमध्येच दोन्ही वेगळे ठेवले. या धंद्याची सगळी भाषाच अशी आहे. मालक, दलाल, हमाल, नफा, कर्ज, जामीन हे अरबीतून आले, हप्ता फारसीतून. आमच्या गावातला पाटलांचा ट्रक असो की शेखांचा, बोलताना शब्द हेच. पासिंग, बोजा, बिल्टी, पोच यांनाही कोणाचा धर्म विचारता येत नाही.

२००२ मध्ये गाडी विकली, माझं बी.एड. सुरू असताना. शेवटची चार वर्षं ती ऊस आणि वाळूवरच होती. लांबच्या लाइनला तिचा दम उरला नव्हता.

आज काय बदललं

हे सगळं आठवून झाल्यावर मी त्या पोराला फोन केला आणि म्हणालो, सहीच्या आधी चार दिवस मला दे. काही गोष्टी खरोखर सोप्या झाल्यात. मे २०१० पासून नॅशनल परमिट एकाच फीमध्ये देशभर चालतं. जीएसटी आल्यावर राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकर नाके गेले. गाडीवर बोजा आहे का, टॅक्स भरलाय का, चलन किती थकलंय, हे मोबाइलवर दिसतं. आम्ही पाहिलं. बोजा दाखवत होता, मालक म्हणत होता कर्ज कधीच फिटलंय. शिवाय एकोणीस ई-चलनं थकलेली.

काही गोष्टी अवघडही झाल्यात. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं गाड्यांची भारक्षमता २० ते २५ टक्क्यांनी वाढवली. मोठ्या कंपन्यांचा फायदा झाला, पण तेवढाच माल कमी गाड्यांत जाऊ लागला आणि एका गाडीच्या मालकाला भाडं मिळणं कठीण झालं. आठ वर्षांनंतर पर्यावरण कर, आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोठ्या मालवाहू गाडीच्या फिटनेसची फी १२,५०० झाली. म्हणजे २०१४ ची गाडी घेणाऱ्यानं कर्ज फिटेल तेव्हा गाडी किती वर्षांची असेल, हे आज मोजायला हवं. एक बरं आहे, २०१७ च्या आधीची असल्यामुळे तिच्यात सेन्सर आणि युरियाची भानगड नाही. रस्त्यावरचा मेस्त्री ती उघडू शकतो.

मग व्याज. एजंटानं सांगितलं होतं १२ टक्के, तीन वर्षं. मी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. सहा लाखांवर दर वर्षी १२ टक्के म्हणजे तीन वर्षांचे २ लाख १६ हजार. एकूण ८ लाख १६ हजार, हप्ता २२,६६७. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत जाणार आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण सहा लाखांवर. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर हाच दर सुमारे २१ टक्के पडतो. ‘फ्लॅट’ या एका शब्दात नऊ टक्के लपतात. अब्बांच्या ५५ हजारांचं गणितही असंच होतं, त्यांना ते कोणी मांडून दाखवलं नव्हतं.

मी त्याला चार अटी घातल्या. बोजा उतरल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. चलनं विकणाऱ्यानं भरायची. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी आणि महिन्याच्या आत गाडी स्वतःच्या नावावर. कोऱ्या फॉर्मवर कोणाची सही घ्यायची नाही, द्यायची नाही. ही अट विकणाऱ्याच्याही हिताची आहे, कारण अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी कागदावरच्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि शेवटची अट, तीन हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय पहिली ट्रिप भरायची नाही. कारण गाडी हप्त्याच्या तारखेला विचारून बिघडत नाही.

तो म्हणाला, "सर, मग अजून दोन महिने दुसऱ्याचीच गाडी चालवावी लागेल."

"चालव," मी म्हणालो.

बायकोनं मला वेगळा प्रश्न विचारला. तुम्ही सही केलीत आणि हप्ते थकले तर? १८७२ च्या करार कायद्यात उत्तर स्पष्ट आहे. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कंपनी आधी त्याच्याकडे जाईल असं नाही, थेट माझ्या पगारावर येऊ शकते. आमच्या मुलीचं पुढच्या वर्षी बारावी आहे. हे सगळं मला माहीत आहे.

तरी परवा मी सही केली. १९८७ मध्ये अब्बांना जामीन राहिले होते गावातले एक मराठीचे गुरुजी. तेही पगारदार, तेही संसारी. वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव आहे आणि त्यापुढे अब्बांनी फक्त ‘गुरुजी’ असं लिहून एक दुआ लिहिली आहे. १९९० मध्ये गाडी ओढून नेली तेव्हा फायनान्सरची माणसं त्यांच्याही दारात गेली होती. त्यांनी आमच्या घरी येऊन एक शब्द बोलून दाखवला नाही. बिनव्याजी पैसे देणारा तेव्हा निघाला नव्हता, पण नाव देणारा एक निघाला होता.

आरसी त्या पोराच्या नावावर होऊन आली की मी ती आधी बघणार आहे. मग गाडी.